तेरा महिन्यांचं वर्ष

विमल,

राख सावडायला गेलो तेव्हा गुरुजी चिडले. तुझ्यावर नाही, घरातल्या बायकांवर. अंबरपेठच्या स्मशानात अजून ऊन यायचं होतं. त्यांनी दूध-पाणी शिंपडलं, अस्थी वेचायला घेतल्या आणि मधेच थांबून काडीनं काहीतरी बाजूला सारलं. म्हणाले, "बायकांनी पिना काढून घ्यायला हव्या होत्या. अंगावर धातू राहू देत नसतात." मी वाकून पाहिलं. वीतभर लांबीची बारीक तार, स्प्रिंगसारखी घट्ट वळलेली, दोन्ही टोकांना आकडे.

"पिन नाही गुरुजी, तो तिचा स्टेंट आहे."

"हृदयातला?"

"नाही. किडनीपासून मूत्राशयापर्यंत जी नळी जाते ना, त्या नळीतला. त्याचं असं होतं, की पोटाच्या अगदी मागच्या बाजूला..." आणि मी सुरू झालो. तुझ्या राखेसमोर उभा राहून मी गुरुजींना तुझी मूत्रवाहिनी समजावत होतो. गुरुजी हातात तांब्या धरून ऐकत होते, कारण करतात काय बिचारे. शेवटी आपल्या श्रीधरनं माझा दंड धरला. "मामय्या, ये सब बाद में," म्हणाला. आदल्या दिवशीच मंजूला आणि तान्हीला घेऊन अमेरिकेहून उतरलेला आपला तेलुगू जावई, त्यालासुद्धा माझी लाज वाटली असणार.

तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. तू म्हणायचीसच, "ह्यांना कुणी नुसतं कसं काय विचारलं, तरी हे माझ्या पोटाचा नकाशा काढून दाखवतील." खरं आहे. मला भीती वाटली की मी बोलतो, आणि तुझ्या आजारपणात मला भीती वाटली नाही असा दिवस गेला नाही.

सुरुवात तुझ्या पाठदुखीनं झाली. तू ती गॅसच्या सिलिंडरवर ढकललीस, मग शिवणाच्या मशीनवर, मग वयावर. तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरमधून आपण विद्यानगरला स्वतःच्या घरात आलो, तेव्हा तू ती सामानाच्या हलवाहलवीवर ढकललीस. पायावर सूज आली तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. डावी किडनी तोवर वाळून गेली होती. उजवी फुगली होती. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून सांगितलं, की कण्याच्या पुढे आणि आतड्यांच्या मागे एक चिवट थर वाढतो आहे. कॅन्सर नाही. पण तो हळूहळू मूत्रवाहिन्यांना आवळत जातो, आणि लघवी उतरायला वाटच राहत नाही. रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस. हे नाव मी घरी येऊन पाठ केलं. तू एकदाही उच्चारलं नाहीस. तू त्याला "माझं ते आवळणं" म्हणायचीस.

"कशामुळे होतं?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा कारण सापडत नाही," ते म्हणाले.

ह्या उत्तरानं माझी झोप गेली ती गेलीच. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात झाली, तुला माहीत आहे. आमच्याकडे कारण नसलेलं काही नसतं. जुन्या हाताच्या सिग्नलची एक खुबी होती. केबिनपासून सिग्नलपर्यंत लांबच लांब तार जायची, आणि ती कुठंही तुटली तर सिग्नलचा हात आपोआप धोक्यावर यायचा. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबते, सुटत नाही. आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं होतं, की यंत्र बिघडेलच असं धरून चाला आणि बिघडल्यावर ते ओरडेल अशी सोय करून ठेवा. तुझ्या आजाराची मला दहशत बसली ती इथं. तुझी डावी किडनी मेली आणि तुला कळलंसुद्धा नाही. पाठ सोडली तर काही दुखलं नाही, काही पडलं नाही, कुठं लाल दिवा लागला नाही. देवानं माणूस बनवताना सिग्नल खात्याला विचारायला हवं होतं, असं मी तुला म्हणालो. तू म्हणालीस, "मग तुमच्या खात्यानं फायलीच हलवल्या असत्या, माणूस कधी झालाच नसता."

स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या. तुझा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला, आणि आरशात बघून तू म्हणालीस, बरं झालं, सुरकुत्या गेल्या. मग साखर वाढली आणि गोळ्या आटोपत्या घ्याव्या लागल्या. पोट उघडून नळी मोकळी करायचं ऑपरेशन असतं, पण तो थर फार पसरला होता. डॉक्टर त्याला राजी होईनात. राहिली प्लॅस्टिकची नळी. आतून सरकवायची, म्हणजे बाहेरून कितीही आवळलं तरी मधून वाट राहते. दर तीन महिन्यांनी जुनी काढून नवी घालायची, कारण जुनीत क्षार साचून ती तुंबते.

तीन महिने हे बोलायला. दोनदा ती मुदतीआधीच तुंबली. आठवतं तुला? मला आठवतं. तुला हुडहुडी भरलेली, बाहेर मेमधलं ऊन, आणि रिक्षात मी तुझ्या अंगावर रग धरून बसलेलो. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "क्या साब, इत्ती गर्मी में?" मी त्यालाही समजावून सांगायला लागलो. तू दात वाजत असताना म्हणालीस, "त्यांना गाडी चालवू द्या हो."

अशात मंजूचा फोन आला, की तिला दिवस गेलेत.

आपल्या गल्लीत तेव्हा घरटी एक पोर अमेरिकेत होतं. डब्यात भाकरी घेऊन अमीरपेठला क्लासला जाणारी पोरं बघता बघता बोस्टनला आणि डॅलसला जाऊन बसली, आणि संध्याकाळी पार्कात म्हातारे एकमेकांना वेळेचा फरक सांगायला लागले. मंजूला तिकडची नोकरी सोडून बाळंतपणाला इकडे येणं शक्य नव्हतं. तू फोन ठेवलास आणि सरळ म्हणालीस, "पहिलं बाळंतपण माहेरी. ती येऊ शकत नाही, तर माहेर तिकडं जाईल."

"आणि नळी?"

"नळीचं बघू."

"बघू म्हणजे काय? मधेच बदलायची आली तर तिकडं कोण बदलणार? इन्शुरन्स कोण देणार तुला, असला आजार असताना?"

"अहो, लेकीचं पहिलं बाळंतपण आहे."

"आणि तुझी एकच किडनी आहे."

माझ्या आयुष्यात मी तुला बोललेलं सगळ्यात खरं वाक्य तेच असेल, पण तू ते ऐकलंही नाहीस. तू मेथीचे लाडू, डिंक, खारीक, बाळंतशेप असं काय काय न्यायचं ते स्वतःशी पुटपुटत आत गेलीस.

धातूच्या स्टेंटची गोष्ट डॉक्टरांनी काढली ती ह्या बाळंतपणामुळेच. आपण त्यांच्या मागोमाग जुनं हॉस्पिटल सोडून त्या नव्या, काचांच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊ लागलो होतो. पहिल्या दिवशी तिथली चकचकीत फरशी बघून तू दारात चपला काढायला लागली होतीस. डॉक्टरांनी खणातून ती तार काढून तुझ्या तळहातावर ठेवली. "अम्मा, ये प्लॅस्टिक नहीं, पूरा मेटल है. बाहर से कितना भी दबाव आने दो, दबती नहीं. एक साल चलती. पहले ये चीज़ इधर मिलतीच नहीं थी, अब कंपनीवाले घर बैठे भेज देते."

"आतापर्यंत किती जणांना घातली?" मी विचारलं.

डॉक्टर हसले. "अंकल, आपके सवाल से डर लगता मेरे को." म्हणजे फार जणांना नाही. मी ते बरोबर ओळखलं.

घरी येऊन आपण जे भांडलो ते आठवून मला आता हसू येत नाही, पण तेव्हा तू हसत होतीस. मी म्हणालो, धातू आहे, गंजेल. तू म्हणालीस, गंजत नाही असं सांगितलंय. मी म्हणालो, मागच्या मागे क्षार चढेल, गीझरच्या कॉइलवर चढतो तसा, आणि कळायचंसुद्धा नाही. तू म्हणालीस, प्लॅस्टिकवर चढतोच आहे की. मी म्हणालो, वर्षभर एकच वस्तू पोटात, मधे कुणी बघणार नाही. तू म्हणालीस, "मंगळसूत्र तीस वर्षं गळ्यात आहे, कुणी उघडून बघितलं का? तरी चाललंय ना?" मी म्हणालो, खामखा चेष्टा नको करूस. तू पुण्याची, माझ्या तोंडी हे इकडचं खामखा आलं, की तुला जास्तच चेव यायचा. "खामखा नाही, उगीच," म्हणालीस आणि विषय संपवलास. तुझ्या माहेरचं माप असं, की मराठी सुधारलं म्हणजे भांडण जिंकलं.

मुहूर्तही तूच ठरवलास. अक्षय्य तृतीया. त्या दिवशी केलेलं टिकतं म्हणे. ऑपरेशन थिएटरच्या दारात डॉक्टर म्हणाले, "आज सब लोग सोना खरीदते, अपनी अम्मा तार डाल रही." तू त्या ऑपरेशनच्या टोपीतच हात जोडलेस. मी बाहेर बाकावर बसून कुलदैवताला काय काय कबूल केलं ते तुला कधी सांगितलं नाही. त्यातलं निम्मं फेडायचं राहिलंच आहे.

तार बसली. खरं सांगतो, तुझं जगणं बदललं. ताप गेला, रात्री उठणं कमी झालं, जिना चढताना तू गुणगुणायला लागलीस. आनंद मला झाला नाही असं नाही. पण प्लॅस्टिक होतं तेव्हा मी तीन महिन्यांनी घाबरायचो, आता रोज घाबरायला लागलो. कारण जवळची तारीखच नव्हती. शत्रू कधी येणार ते माहीत नसलं म्हणजे रोजच दिवा घेऊन बसावं लागतं. तू न्हाणीघरातून बाहेर आलीस, की मी पेपरच्या वरून बघायचो. तू म्हणायचीस, "झाली. पिवळी. आता बातम्या वाचा."

मार्गशीर्षात तुला बेगमपेठच्या विमानतळावर सोडलं. मला खात्री होती, की ते धातू शोधायचं यंत्र ओरडणार, तुला बाजूला घेणार, आणि तू तिथं एकटी कुणाला काय समजावणार. मी काचेला नाक लावून उभा होतो. तू त्या चौकटीतून गेलीस. यंत्र गप्प राहिलं. तू पलीकडून माझ्याकडे बघून अंगठा नाचवलास, लहान मुलं ठेंगा दाखवतात तसा. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, यंत्राला कळलं नाही, म्हणजे तिकडं कुणालाच कळणार नाही.

रोज सकाळी मी परदेशी फोनचं कार्ड खरवडून फोन लावायचो. पहिला प्रश्न ठरलेला, "किती झाली?" मंजू बाळंत झाली त्या दिवशीही तोंडातून तेच गेलं, आणि तू म्हणालीस, "सव्वातीन किलो! मुलगी झाली आहे हो तुमच्या मुलीला, आधी ते ऐका." मग बारसं झालं, तिच्या कानात कुर्र झालं, टाळू भरणं, धुरी, सगळं तू एकटीनं केलंस. तुझा आवाज तिकडून इतका मोकळा यायचा, की मला हेवा वाटायचा. तीस वर्षांत मी तुला असं मोकळं बोलताना ऐकलं नव्हतं, असं माझ्या मनात यायचं, आणि मागोमाग ती वळलेली तार डोळ्यांपुढे यायची.

आणि मग तो फोन. चैत्र संपत आला होता. तुझं परतीचं तिकीट अक्षय्य तृतीयेच्या आधीचं होतं, मी इकडे डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. तू म्हणालीस, "मी जरा राहते. धोंड्याचा महिना करून येते."

"कसला महिना?"

"अधिक ज्येष्ठ आलाय ह्या वर्षी. मंजूच्या लग्नानंतरचा पहिला धोंडा. जावयाला वाण नको द्यायला? तेहतीस अनारसे, चांदीच्या ताटात. तांदूळ भिजत घालायचे म्हणते इथंच."

"विमल, तारीख उलटून जाईल. डॉक्टर एक वर्ष म्हणालेत."

"वर्षच ना? यंदाचं वर्ष तेरा महिन्यांचं आहे. पंचांग बघा. आणि अधिकात नवीन काही करत नाहीत, नवी तार कशी घालणार? आल्यावर निज महिन्यात घालू."

मी ओरडलो. इतका, की समोरच्या घरातल्या तेलुगू बाई गॅलरीत आल्या. जावई तेलुगू आहे, त्याला अनारसा काय आणि अरिसेलू काय, सगळं एकच, असं म्हणालो. तुझ्या पोटातल्या तारेला पंचांग कळत नाही, असं म्हणालो. मरायचं असेल तर इथं येऊन मर, असंही म्हणालो. मग तू म्हणालीस, "जेवलात का?" मी फोन आपटला.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते तुला कधी कळलं नाही, कारण मी सांगितलं नाही. मी रोज तुला फोन करायचो आणि रोज चिडलेलाच असायचो. "किती झाली" एवढं विचारायचो आणि तू "भरपूर" म्हणालीस, की ठेवून द्यायचो. डॉक्टरांकडे जाऊन बसलो, की सांगा तिला, तुमचं ऐकेल. डॉक्टरांनी कागदावरून डोळे वर केले नाहीत. "अंकल, थोड़ा ऊपर-नीचे चलता है." मला त्यांचाही राग आला. माझ्या बायकोच्या शरीरात एकच वाट उरली आहे आणि ह्यांना थोडं वरखाली चालतं! दुपारी खिडक्या लावून मी कॉटवर पडायचो आणि ती तार डोळ्यांपुढे बारीक होत जायची, पांढरी होत जायची.

तू आलीस. विमानतळावरून मी तुला सरळ हॉस्पिटलात नेलं. तू म्हणत राहिलीस, आंघोळ तरी करू द्या, प्रवासाचं अंग आहे. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जुनी तार काढून मला दाखवली. एका टोकाला थोडी पांढरी पुटं, बाकी होती तशी. नवी घातली. शुद्धीवर आल्यावर तू डोळे उघडून एवढंच म्हणालीस, "बघा, काही झालं नाही."

काही झालं नाही, ह्याचाच मला संताप आला. घाबरणाऱ्या माणसाचं हे दुखणं तुला कधी समजलं नसेल. वाईट घडलं तर तो रडतो, आणि नाही घडलं तर त्याला वाटतं आपल्याला फसवलं. मी तुला धोंड्याचा महिना विसरू दिला नाही. दसऱ्याला टोमणा, दिवाळीत फराळाला बसलो तर अनारशावरून टोमणा. पाहुण्यांसमोर म्हणायचो, "आमच्याकडे किडनीपेक्षा जावयाचं वाण मोठं." तू प्रत्येक वेळी हसलीस. उत्तर एकदाही दिलं नाहीस. मला वाटायचं, हिच्याकडे उत्तर नाही.

आणि मग हा माघ. सकाळची वेळ, ओट्यापाशी पाटावर बसून तू घेवडा मोडत होतीस. मला म्हणालीस, "जरा पाणी द्या." मी पाणी आणेपर्यंत तू भिंतीला टेकली होतीस. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात केलेली किडनीची तपासणी अगदी चांगली होती, हेही त्यांनी सांगितलं. मी त्यांना परत विचारलं, तारेचं काही नाही ना? ते म्हणाले, तारेचा काहीही संबंध नाही. मी इतकी वर्षं एका दाराशी काठी घेऊन बसलो होतो, आणि तुला न्यायला आले ते भलतीकडून आले. माझ्या डोक्यात तुझं हृदय कधी आलंच नाही, विमल. ते मी धरूनच चाललो होतो.

तुला वाटेल, आता तरी ह्यांची भीती संपली असेल. नाही संपली. ती नुसती रिकामी हिंडते आहे घरभर. न्हाणीघराचं दार वाजलं, की मी मान वर करतो. तान्ही आता धरून धरून चालते, ती उंबऱ्याशी गेली की मी उठून उभा राहतो. सकाळी डोळे उघडायला भीती वाटते, कारण उघडल्यावर पहिले काही क्षण मला आठवत नाही, आणि मग आठवतं. आणि घास घशाखाली उतरत नाही. मंजू ताट वाढते, मी भात इकडचा तिकडे करतो आणि उठतो. सगळ्यांना वाटतं दुःखानं. मला माहीत आहे, भीतीनं. तू नसलेल्या घरात म्हातारा व्हायची भीती.

काल दुपारी मी असाच ताटावरून उठायला लागलो. पुन्हा कसं कोण जाणे, धोंड्याचाच विषय काढला. म्हणालो, "तुझ्या आईनं माझं एक ऐकलं नाही कधी. त्या अनारशांच्या पायी..."

मंजू म्हणाली, "बाबा, अनारसे केलेच नव्हते."

"म्हणजे?" मी विचारलं.

ती म्हणाली, "आईला ताप आला होता. पहिल्या तिकिटाच्या आठ-दहा दिवस आधी. लघवी लाल व्हायला लागली. ती इतकी घाबरली होती बाबा, मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. न्हाणीघरातून मला हाका मारायची, बघ गं, आज रंग कसा आहे, बघ. माझा हात सोडायची नाही. विमानात इतका वेळ, मधेच तुंबलं तर, असंच म्हणत राहायची. मी इथल्या आपल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तापात विमानात बसू नका. तिकडे एका ओळखीच्या डॉक्टरांकडून सोनोग्राफी करवली, किडनी फुगलेली नव्हती, तार चालू होती. औषधं दिली त्यांनी. पण पूर्ण बरं वाटून तिला विमानात बसायचा धीर यायला दोन महिने लागले."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं तिला, बाबांना सांगू या. ती पंचांग काढून बसली होती. म्हणाली, नको. त्यांना धोंड्याचं सांगते, ते चिडतील. मी म्हटलं, अगं कशाला चिडवतेस? तर म्हणाली, तुझे बाबा चिडले तर जेवतात. घाबरले की जेवत नाहीत. तिकडं एकटे आहेत."

विमल, मी तुला कधीही न घाबरणारी बाई समजत होतो. आपल्या घरातली सगळी भीती माझ्या वाटणीला आली आहे असा माझा समज होता, आणि त्याचा मला थोडा तोराही होता. तू समुद्रापलीकडे पोरीचा हात धरून थरथरत होतीस आणि फोनवर मला विचारत होतीस, जेवलात का. मी तुला मर म्हणालो होतो. तू ते ऐकून घेतलंस, कारण ते म्हणणारा माणूस त्या दिवशी नीट जेवणार होता. आणि खरंच जेवलो होतो मी. त्या दोन महिन्यांत एक जेवण चुकवलं नाही. रागारागानं पोळ्या लाटायला शिकलो. परत आलीस तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालीस, अंग धरलंत हो. मला वाटलं चेष्टा करते आहेस.

आणि घरी येऊनही सांगितलं नाहीस. दसऱ्याला नाही, दिवाळीला नाही. मी चार लोकांत तुला बोललो तेव्हाही नाही. दोघंही घाबरलो होतो, तर एकत्र का नाही घाबरलो? मी इतका कच्चा आहे का? तुझा हात मंजूनं धरला, तो धरायचा हक्क माझा होता. कोणी सांगितलं होतं तुला हे सगळं परस्पर ठरवायला? हे मी मोठ्यानं म्हणालो, विमल. तुझ्या रिकाम्या पाटाकडे बघून, मंजूसमोर, श्रीधरसमोर, पुन्हा त्या समोरच्या बाई गॅलरीत येतील इतक्या मोठ्यानं.

मंजूनं सुतकातलं बिनफोडणीचं वरण भातावर वाढलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मला तुझा भयंकर राग आला होता. मी पाटावर खाली बसलो, आणि जेवलो.